मापाच्या वहीतले चार कागद

माझ्या वहिनीला स्वतःचं दुखणं सांगता येत नाही, असं आमच्या घरात सगळ्यांचं मत होतं. साफ खोटं. तिला ते फार चांगलं सांगता येतं, फक्त ती शिवणकाम करणाऱ्या बाईसारखं सांगते.

दादाचं आणि तिचं शिवणाचं दुकान. दादा कापड बेततो आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारतो. शिवण, काज, बटणं, इस्त्री हे सगळं वहिनीचं. बत्तीस वर्षं पायमशीन चालवतेय. ती लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होते. माझा तापट स्वभाव बघून तिने मला ठिणगी म्हणायला सुरुवात केली आणि आता माझे केस पिकले तरी मी ठिणगीच आहे.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दादा छातीवर हात ठेवून म्हणाला, "इथे आवळल्यासारखं होतंय." एवढं एक वाक्य. हॉस्पिटलात पोचल्यावर पाच मिनिटांत ईसीजी, दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी, स्टेंट घालून आठवड्याच्या आत घरी. डॉक्टर नुसते धावत होते. मी त्यांच्या पाया पडायचीच बाकी होते.

गेल्या वर्षी वहिनीला त्रास सुरू झाला. डॉक्टर तेच. ती म्हणाली, "पँटची लांब शिवण एका दमात व्हायची, आता मध्ये दोनदा थांबावं लागतं. आणि इस्त्री उचलली की डाव्या हातातून जबड्यापर्यंत कळ जाते." याहून नेमकं कोण सांगणार? डॉक्टर म्हणाले, "मग इस्त्री उचलू नका." स्नायू आखडलाय म्हणून मलम दिलं. दुसऱ्यांदा गेली तर ॲसिडिटीची गोळी. तिसऱ्यांदा, "या वयात बायकांना असं होतंच." चौथ्यांदा, "टेन्शन फार घेता," आणि झोपेची गोळी. सात महिन्यांत चार खेपा, पण तिचा ईसीजी काही कुणी काढला नाही. दादा म्हणायचा, "डॉक्टर म्हणतायत ना, मग काही नसेल." स्वतः त्याच हॉस्पिटलातून जीव घेऊन परत आलेल्या माणसाने असं म्हणावं! आणि मी तरी काय मोठी शहाणी? तिच्या मानेला मलम चोळून देत बसले. त्याची मला आजही लाज वाटते.

मग एका सोमवारी कॉलर लावता लावता ती मशीनवरच वाकली. अंग घामाने भिजलेलं, चेहरा पांढराफटक. मी हॉस्पिटलला फोन लावला. "माझ्या वहिनीला बरं नाही, घाम फुटलाय, जबड्यात कळा येतायत."

"दगदग झाली असेल," पलीकडची बाई म्हणाली. "पडू द्या थोडं. उद्या ओपीडीत आणा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन ठेवला आणि दोन मिनिटांनी पुन्हा लावला, जरा आवाज बदलून. "माझ्या भावाला घाम फुटलाय, जबड्यात कळा येतायत. वय चोपन्न."

"चालवू नका त्यांना! लगेच आणा, व्हीलचेअर दारात ठेवायला सांगते."

खुर्ची दारात होती खरी. मी गाडी लावून वळते तर काय, वॉर्डातल्या मामांनी दादाला दंडाला धरून तिच्यात बसवलेलं. आणि आमचा दादा बसला! म्हणे, गोंधळून गेलो. मांडीवर फाईल घेऊन स्वारी निघाली आणि मागून वहिनी, खांद्याला पिशवी, भिंत धरत धरत चालतेय.

"अरे, ऊठ!" मी अख्खं हॉस्पिटल डोक्यावर घेतलं. "पेशंट ही आहे!"

मामा म्हणाले, "पण फोनवर भाऊ सांगितलं होतं."

"भाऊ सांगितलं म्हणून तर खुर्ची आली!"

ईसीजी निघाला आणि सगळ्यांचे चेहरे बदलले. एक रक्तवाहिनी पूर्ण बंद, दुसरी नव्वद टक्के. स्टेंट घातले, वहिनी वाचली. पण हृदयाचा एक भाग कायमचा कामातून गेला. पायमशीन बंद, जिना चढायचा तर मध्ये बसून.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर राउंडला आले. वहिनी समोर पडलेली असताना दादाशी बोलायला लागले. "बायकांचं हे असंच असतं. दुखणं अंगावर काढायचं आणि अगदी शेवटी यायचं. आधी आणलं असतंत तर एवढं नुकसान झालं नसतं."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनीने माझा हात दाबला. पिशवीतून मापाची वही काढायला लावली. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पानावर कापडाचा तुकडा टाचून ठेवायची तिची सवय आहे. शेवटच्या पानावर तिने स्वतःचं नाव लिहिलं होतं आणि खाली डॉक्टरांच्या चारही चिठ्ठ्या टाचल्या होत्या. एकेक टाचणी काढून तिने त्या चादरीवर ओळीने मांडल्या. चारींवर सही एकच.

"मी चार वेळा आले होते, डॉक्टर," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की आम्हाला वाकावं लागलं. "ह्यांना पहिल्याच दिवशी ते मशीन लावलंत. मला का नाही लावलं?"

डॉक्टरांनी कागद उचलले, वाचले, पुन्हा खाली ठेवले.

"छातीत दुखतंय असं तुम्ही म्हणाला नव्हतात," ते म्हणाले.

"छातीत दुखत नव्हतं," वहिनी म्हणाली. "जिथे दुखत होतं ते सांगितलं."