खुनाच्या घराचा पंचनामा

शनिवार. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं. मेलबर्नपासून गाडीने दीड तासावरचं, सोन्याच्या खाणींच्या काळातलं एक चिमुकलं गाव. कोपऱ्यावर पांढऱ्या खांबांचा व्हरांडा असलेलं एक घर, बाजूला शेड. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

बातमी असती तर पुढचं वाक्य मी झोपेत लिहिलं असतं. पण यातला संशयित मीच! आता ही फजिती कुठल्या तोंडाने सांगू? चहा घ्या, पण मध्ये हसू नका. चौतीस वर्षं मी पुण्यात क्राइम रिपोर्टिंग केलं. पंचनाम्यातल्या चुका काढून भल्याभल्या फौजदारांना घाम फोडला. आणि त्या सकाळी मी जे केलं, ते भरतीच्या पहिल्या दिवशी आलेल्या शिपायानेही केलं नसतं.

ग्लेन वेव्हर्लीत मी मुलीकडे आलोय, मुग्धाकडे. ती आणि जावई दिवसभर कामाला. मग मी एकटा काय करणार? तरुणपणी जीव टाकून पाहिलेली एक जुनी ब्रिटिश गुन्हेमालिका पुन्हा पहिल्यापासून काढली. त्यातल्या एका खुनाच्या तपासासाठी म्हातारा इन्स्पेक्टर ऑस्ट्रेलियात येतो. ते भाग याच गावात चित्रित झालेत, हे कळल्यावर मी गप्प बसणार होय?

कारण तो तपास मला मान्य नाही! इन्स्पेक्टर म्हणतो, खुनी वीस सेकंदांत फाटकापासून स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत गेला. वीस सेकंदांत! त्या काळी चिडलो होतो, आत्ताही चिडलो.

"बाबा, ती सीरियल आहे," मुग्धा म्हणाली.

"सीरियल असली म्हणून काय झालं? वेळ जुळायला नको?"

शेवटी तिने मला गाडीत घातलं. गावात पोचल्यावर ती बेकरीत कॉफी घ्यायला थांबली. "पंधरा मिनिटं. बघ, फोटो काढ आणि ये. आणि प्लीज, कुणाशी भांडू नकोस. गुरुवारी माझी सिटिझनशिप सेरेमनी आहे."

"अगं, त्याचा माझ्याशी काय संबंध?"

"नसावा, एवढंच म्हणतेय."

घर मी लांबूनच ओळखलं. तेच खांब, तोच व्हरांडा! तरी म्हटलं, खात्री करावी. फाटकाजवळ एक माणूस गवत कापायचं यंत्र ढकलत होता. मोठा, लाल, बसून चालवायचा मॉवर. रस्त्यावर त्याची पांढरी युट उभी. युट म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, आपल्या छोट्या हत्तीची गोरी बहीण.

"हेच का ते खुनाचं घर?" मी विचारलं. "टीव्हीवरचं?"

तो क्षणभर थबकला. मग हसला. "येस मेट, हेच ते. फेमस आहे."

"मागे जाऊन बघितलं तर चालेल?"

"नो वरीज. चार वाजेपर्यंत घरी कुणी येत नाही."

बघा, काय सज्जन माणूस! पुण्यात कुणी अनोळखी माणसाला असं सांगेल का? ज्युनिअर पोरांना मी जन्मभर दम दिला, की एका माणसाच्या सांगण्यावर बातमी छापायची नाही, दुसरा सोर्स शोधायचा. आणि इथे? टोपी घातलेल्या पहिल्या गोऱ्या माणसाने मान हलवली आणि मी वही उघडली.

मॉवर भारी जड. त्याला एकट्याला तो फळीवरून युटमध्ये चढवता येईना. मी मागून रेटा दिला. माझ्या वयाला! तो म्हणाला, "चीअर्स मेट." मीही म्हणालो, "चीअर्स." तो गेला आणि मी कामाला लागलो.

काम म्हणजे रीतसर पंचनामा. नकाशा काढला. फाटकापासून खिडकीपर्यंत पावलं मोजली. मग मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं आणि धावलो. खिडकी बसकी, अर्धी उघडी. धावत आत जाता येतं की नाही, हे प्रत्यक्ष केल्याशिवाय कसं कळणार? उजवा पाय आत टाकला. डावा काही केल्या उचलेना. गुडघा!

तेवढ्यात मागून आवाज आला. "एक्स्क्यूज मी! काय चाललंय?"

वळून बघतो तर साठीची एक बाई, हातात भाजीची पिशवी. मी खिडकीत अर्धा आत, अर्धा बाहेर. एखादा शहाणा माणूस काय म्हणाला असता? सॉरी म्हणाला असता. चौतीस वर्षांच्या सवयीने माझ्या तोंडून काय निघालं?

"प्रेस!"

बाईने पोलिसांना फोन लावला.

सात मिनिटांत कॉन्स्टेबल हजर. तरुण मुलगी, माझ्या मुग्धाहूनही लहान. तिने शांतपणे वही मागितली. मी दिली नाही! "पत्रकार आपली टिपणं पोलिसांना दाखवत नसतो," मी ठणकावलं. मनात मात्र एकच जप. गुरुवार, गुरुवार, गुरुवार.

मग मुग्धा आली. चेहरा पांढराफटक. "बाबा, वही दे."

"हे तत्त्वाचं आहे, मुग्धा."

"बाबा. वही."

दिली. पण वही मराठीत! कॉन्स्टेबलने पानं उलटसुलट केली आणि मुग्धाला म्हणाली, "जरा वाचून सांगतेस?"

पोटच्या पोरीने बापाची टिपणं इंग्रजीत करून पोलिसाला वाचून दाखवायची! तिचा आवाज प्रत्येक ओळीला खाली जात होता.

"चार वाजेपर्यंत घरी कुणी नाही. कुत्रा नाही. शेजारच्या घरातून खिडकी दिसत नाही. स्वयंपाकघर, आणि... बाबा, हे काय आहे? 'सुरा बहुधा इथूनच.'"

"सीरियलमधला सुरा गं!"

"ती सीरियल आहे," मुग्धा कॉन्स्टेबलला कळवळून सांगू लागली. "जुनी, ब्रिटिश. इथे शूट झालीय. या घरात."

"या घरात?" घरमालकीण पहिल्यांदाच जरा हसली. "हे घर आम्ही नऊ वर्षांपूर्वी बांधलं. जुन्यासारखं दिसावं म्हणून खांब मुद्दाम लावले."

मालिका तीस वर्षांपूर्वीची. मला घाम फुटला. "पण तुमच्या माळ्याने सांगितलं!"

"कुठला माळी?"

"गवत कापणारा. लाल मॉवरवाला. वहीत आहे बघा. मुग्धा, वाच."

मुग्धाने वाचलं. "दहा बेचाळीस. माळ्याला विचारून घराची खात्री केली. मॉवर गाडीत चढवायला मदत केली."

घरमालकीण शेडकडे गेली. शेडचं दार सताड उघडं. बाई तशीच उलट्या पावली परत आली. "आमच्याकडे माळी नाही," ती म्हणाली. "गवत माझा नवरा कापतो."

मुग्धाने डोळे मिटून घेतले.

"कसा दिसत होता तो?" कॉन्स्टेबलने पेन काढलं.

आयुष्यभर मी साक्षीदारांची टिंगल केली हो! मध्यम उंची, मध्यम बांधा सांगतात म्हणून अख्खा लेख लिहिला होता. आणि मी सांगितलं काय? "मध्यम उंची. मध्यम बांधा. टोपी."

"गाडीचा नंबर?"

नंबर? खुन्याची पावलं मोजली, सेकंद मोजले. समोर उभ्या गाडीचा नंबर नाही टिपला. कशाला टिपणार? माळ्याची गाडी!

"त्या मॉवरला तुम्ही हात लावलात?"

"दोन्ही," मी म्हणालो.

जबाब झाला. बोटांचे ठसे झाले. परतताना मुग्धा नजर रस्त्यावर रोखून गाडी चालवत होती. अगदी फ्रीवे संपताना म्हणाली, "तो मर्डर तरी वीस सेकंदांत होतो का?"

"होतो," मी म्हणालो. "गुडघे चांगले असतील तर."

गुरुवारची शपथ झाली. सुखरूप. मी शेवटच्या रांगेत बसलो, तोंडाला कुलूप. मंचावरून कुणी मागे बघितलं, की मला वाटायचं, आलं आता बोलावणं!

पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिलीच. मॉवर चढवून झाल्यावर मी त्या भल्या माणसाला माझा फोन देऊन म्हटलं होतं, घरासमोर माझा एक फोटो काढ. त्यानेही अगदी मन लावून काढला. चोरीचा तेवढा एकच पुरावा पोलिसांकडे आहे. त्यात घर आहे, युट आहे, युटमध्ये लाल मॉवर आहे, मॉवरला टेकून बत्तीशी दाखवत मी आहे, आणि नंबर प्लेट बरोबर माझ्या पायांमागे आहे.

फोटो काढणारा कोण, याचं उत्तर अजून कुणीही दिलेलं नाही.