ज्या गावात तापी उलटी वाहते

कानबाई रविवारी बसणार होती. माय म्हणाली, "बुधवारच्या गाडीनं सुरतेला जा आणि भाऊला घेऊन ये." मी नुकतीच इतिहास घेऊन बी.ए. झालेली, आमच्या घरातली पहिली. शिकलेल्या मुलीचं बोलणं कुणी मोडत नाही असा मायचा समज, आणि खरं सांगायचं तर माझाही. शिवाय मला सुरत पाहायचीच होती. परीक्षेत त्या जुन्या बंदरावर मी पानंच्या पानं लिहिली होती. पण समुद्र सोडून इतक्या आत, शेतांच्या खोऱ्यात, नदीकाठी बंदर कसं काय, हे मला कधीच कळलं नव्हतं.

ज्यांना कानबाई ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ही आमची खानदेशातली श्रावणातली देवी. नारळाला नथ-डोळे लावून तिला सजवतात. तिच्या प्रसादाच्या पोळ्या म्हणजे रोट. त्यासाठी घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू सुपात टाकतात. हा रोट भाऊबंदांनीच खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही. आणि आमच्याकडे असं मानतात की एका माणसाची मूठ दोन सुपांत पडत नाही. थोरला भाऊ दोन वर्षं कानबाईला आला नव्हता. माय त्याची मूठ टाकायची आणि त्याच्या वाटचा रोट तापीत सोडायची. आमचं गाव प्रकाशा, तापीच्या काठावरचं. तीच तापी पुढे सुरतेला जाते, म्हणजे रोट पोहोचणारच.

प्रकाशाहून एसटीनं नंदुरबार आणि तिथून सुरतेची पॅसेंजर. तिकीट स्वस्त आहे, पण डबा घरून न्या; वाटेत चहा आणि शेंगदाण्यांपलीकडे फार काही मिळत नाही. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. मी मुद्दाम उतरून त्या हद्दीवर उभी राहिले. काहीच वेगळं वाटलं नाही, याचंच नवल वाटलं. व्यारा सोडलं की खिडकीबाहेर भात, केळी आणि मग नुसता ऊस. एवढ्या हिरव्या मुलखातून लोक कारखान्यात का जातात, असं मी शेजारच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "शेत ज्यांचं आहे, ते कुठे जातात?"

भाऊ राहतो त्या लिंबायत, गोडादऱ्याकडे जायचं असेल तर सुरतेपर्यंत जाऊ नका, उधन्यालाच उतरा. बाहेर शेअर रिक्षा मिळतात. मी सुरतेला घाण गाव म्हणून भीत होते. प्लेगच्या वर्षी भाऊ तिथून पळून घरी आला होता, आणि आता तो राहीलच असं मायनं धरलं होतं. आठवडाभरात तो परत गेला. आता पाहिलं तर रस्ते झाडलेले. गल्ल्यांमधून यंत्रमागांची खटखट मात्र थांबत नाही. दुसऱ्या दिवशी तर सवयीनं ती मला ऐकूही येईना.

दार उघडलं ते भाचीनं. माझ्याकडे पाहून आत ओरडली, "फोई आवी." आत्याला तिथे फोई म्हणतात. वहिनी साड्यांवर टिकल्या चिकटवत बसली होती. भाऊ रात्रपाळी करून झोपला होता. उठला, मला पाहिलं आणि म्हणाला, "मायनी धाडं ना तुले?" मी हो म्हटलं. तो हसला आणि आंघोळीला गेला. कोपऱ्यात एक कोरं सूप होतं. वहिनीनं त्यावर घाईनं साडी टाकली.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला चौकात नेलं. आधी लोचो खाल्ला. हरभऱ्याच्या डाळीचा मऊ, ढिला ढोकळाच म्हणा, वर तेल आणि शेव. खाच. मग मी लोकांना जुनं बंदर विचारत सुटले. एकानं मगदल्ला सांगितलं, एकानं हजीरा, तिसरा म्हणाला इथे बंदर कधी नव्हतंच. भाऊ म्हणाला, "पाच वरीस आठे शे मी. बंदर इचारनारी तूच पहिली." आमच्या बोलीत आठे म्हणजे इथे, तठे म्हणजे तिथे.

किल्ल्याजवळ नदीच्या काठी आलो. गढूळ, रुंद पाणी. आपली तापी, मी म्हटलं. भाऊनं पळसाचं पान पाण्यात टाकलं. ते पुलाच्या दिशेनं, पूर्वेला निघालं. मी दिशा पुन्हा पुन्हा तपासल्या. सूर्य चुकलाय की मी, कळेना.

"आपला गावकडे चालनं ते," भाऊ म्हणाला. "भरती शे."

त्या आठवड्यात वरच्या धरणातून पाणी सोडलं नव्हतं, म्हणून समुद्र आत चढला होता. गलबतं अशी वर यायची तर. पुस्तकातलं बंदर मला तेव्हा दिसलं, आणि तेव्हाच भाऊ बोलायला लागला.

दोन्ही वर्षं त्याला रजा मिळाली नव्हती. सणाच्या रविवारी इथे गल्लीतल्या सगळ्या खानदेशी घरांत कानबाई, गाणी, ढोल. पण रोट भाऊबंदांचाच. शेजारणी प्रेमाच्या, पण ताट त्याच्या दारावरून पुढे जायचं. "पोरगी इचारे, आपली कानबाई कोन लई गयं?" तो पाण्याकडे पाहत म्हणाला. "औंदा आठेच बसाडसूत. मायले सांग." म्हणजे यंदा देवी तो इथेच बसवणार; ते कोरं सूप त्यासाठी.

वाटेत मी त्याला पुष्कळ समजावलं: घर एक, चूल एक, परंपरा. माझं मलाच ते परीक्षेतल्या उत्तरासारखं वाटत होतं. आणि त्याचं पटत होतं म्हणावं, तर मायचा चेहरा आठवत होता.

शनिवारी एकटीच परतले. माय ओट्यावर होती. माझ्यामागे कुणी नाही हे तिनं पाहिलं. मी सगळं सांगितलं. दारावरून जाणारं ताट सांगितलं, भाचीचा प्रश्न सांगितला. शेवटी म्हटलं, "माय, तठे तापी उलटी वाहते."

"आपलापावत येस का पानी?"

"नाही, आपल्यापर्यंत येत नाही. मधे धरण आहे."

ती सूप घेऊन बसली. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, नाव घेतलं, मूठ टाकली. काकांचं, चुलतभावांचं. मग थांबली. भाऊचं नाव घेतलं असतं तर सुरतेतली त्याची मूठ खोटी पडली असती. न घ्यावं तर थोरला मुलगा घरातून गेला. तिनं गव्हाचं पातेलं माझ्याकडे सरकवलं. मी मूठ भरली, वर पाव मूठ आणि सुपात टाकली.

नाव तिनं घेतलं नाही, मीही घेतलं नाही. ती मूठ कुणाची, हे अजून मला कळलेलं नाही. पण यंदा नदीत काही सोडावं लागलं नाही. त्या मुठीचा रोट मायनं माझ्या ताटात वाढला.