पंधरा चिंचोके

आमच्या मुख्याध्यापकांचं आणि माझं का बिनसलं, हे तलासरीतल्या बऱ्याच शिक्षकांना त्यांच्या तोंडून ठाऊक आहे. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी भांडले असते, म्हणूनही विचारलं नसेल. आता माझी बदली झाली आहे, तेव्हा माझी बाजू लिहून ठेवावी असं ठरवून दोनदा बसले. दोन्ही वेळा मुख्याध्यापक चार ओळींत संपले आणि तिसरीतली एक मुलगी उरली. म्हणून तिच्याबद्दलच लिहिते.

आई डहाणूच्या बाजारात सुकी मासळी विकायची. शाळा सुटली की मी तिच्या टोपलीशेजारी बसायचे. गिऱ्हाईक आवाज चढवायला लागलं की आई आपला आवाज उतरवायची. उठून चार पावलं गेलं तरी हाक मारायची नाही. पाचव्या पावलाला ते बहुधा वळायचं. घासाघीस किती करायची ती करा, पण एकदा 'घे' म्हणून झालं की वर चिमूटभर जवळा मागितला तरी ती द्यायची नाही. सौदा झाला म्हणजे झाला. त्या मासळीवर आणि पुढे मी घेतलेल्या शिकवण्यांवर माझं डी.एड. झालं. कोणी मध्ये पडून नोकरी लावून दिली नाही.

पहिल्या शाळेत मी डस्टर फेकून मारलं. ते भिंतीला लागलं, मुलाला नाही, पण लेखी खुलासा द्यावा लागला. त्या दिवशी मी ठरवलं, आता हातही नाही आणि आवाजही नाही. आईसारखं करायचं. दोन हजार सोळाच्या जूनमध्ये तलासरीच्या पूर्वेकडच्या, डोंगराकडच्या एका पाड्यावर माझी बदली झाली आणि तिसरी माझ्याकडे आली. अठ्ठावीस मुलं, चार बस्करपट्ट्या, म्हणजे चार रांगा.

मुलं वाईट नव्हती. ती उठायची, एवढंच. तहान लागली की उठून पाणी प्यायची, शेळी ओरडली की कोणाची ते बघून यायची, धाकटं भावंड दारात येऊन उभं राहिलं की त्याला मांडीवर घेऊन बसायची. त्यांच्या घरी एका जागी बसून राहायला कोणी कोणाला सांगत नव्हतं. मी बोलत असले की चौघं चार दिशांना, आणि कोणालाही आपण काही चुकीचं करतोय असं वाटत नसे. पहिला महिना मी दात आवळून काढला.

मग मुख्याध्यापकांना विचारून मी सौदा मांडला. रोज सकाळी प्रत्येक रांगेला दहा चिंचोके. कोणी विनाकारण उठलं, बोललं, मारामारी केली की त्या रांगेचा एक चिंचोका माझ्या डब्यात. शेवटच्या तासाला जिच्याकडे जास्त, त्या रांगेला चेंडू. चेंडू मी डहाणूहून आणला होता, लाल, रबरी, जमिनीवर आपटला की डोक्यावर जाणारा. तसा चेंडू त्या पाड्यावर आला नव्हता. बाकीच्या रांगांनी दोरीवर उड्या मारायच्या.

आठ दिवसांत वर्ग बसला. मला ओरडावं लागत नव्हतं. मी नुसता डब्यावर हात ठेवला की दाराजवळची रांगसुद्धा ताठ व्हायची.

दाराजवळच्या रांगेत ती मुलगी होती. अंगाने बारीक, आठ वर्षांची, पायांत कायम खडे घुसलेले. तिला बूड टेकवताच येत नसे. लिहिता लिहिता ती गुडघ्यांवर यायची, मग उभी राहायची, मग खिडकीशी जाऊन गजांवरून बोट फिरवायची. मी हाक मारली की लगेच परत यायची, हसायची, आणि दोन मिनिटांनी पुन्हा उठायची. खोडी म्हणून नाही. पाढे तिला सगळ्यांच्या आधी यायचे, तेही चालता चालता. दुपारपर्यंत तिच्या रांगेचे आठ चिंचोके गेलेले असायचे.

गणपतीनंतर त्या रांगेतली सगळ्यात मोठी मुलगी, जिने एक वर्ष मध्येच शाळा सोडली होती ती, टेबलाशी आली. तिने मला सांगितलं की हिला दुसऱ्या रांगेत बसवा. मी म्हटलं, दुसरी रांग कशाला घेईल? तिने जरा विचार केला.

"मग आम्हाला दहा नको बाई. पंधरा द्या. ती हाय ना आमच्याकडं."

मला मनातून कौतुक वाटलं. पोरगी बाजारात उभी राहिली असती. एखाद्याकडे ओझं जास्त असेल तर त्याला माप सैल द्यावं, एवढंच ती मागत होती, आणि ते रास्त होतं. पण दोन महिन्यांपूर्वी दहावर सौदा झालेला होता. आज पंधरा दिले तर उद्या बाकीच्या तीन रांगा येतील, असं मी धरलं.

"ती तुमची आहे. तुम्ही सांभाळा," मी म्हटलं.

ती वळून जागेवर गेली. मी हाक मारली नाही.

दिवाळीनंतर आमच्याकडे पट गळतो. भातझोडणी झाली की आईबाप वीटभट्ट्यांवर जातात, मुलांनाही नेतात. ते आम्ही धरूनच चालतो. त्या वर्षी सुट्टी संपल्यावर सहा मुलं आली नाहीत आणि ती मुलगी त्यांत होती. मी हजेरीपटावर सहाही नावांपुढे एकच शेरा मारला, स्थलांतर. पाचांच्या बाबतीत तो खरा होता. तिच्या बाबतीत मी कोणाला विचारलंच नाही. तिची आठवण आली नाही असं नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं. दाराजवळची रांग पहिल्यांदाच जिंकायला लागली होती, आणि वर्ग असा शांत की शेजारच्या चौथीतले गुरुजी दारातून डोकावून, मुलं आहेत ना, म्हणून बघून जायचे.

डिसेंबरात केंद्रप्रमुख आले. वर्गात बसले, काही वेळाने बाहेर येऊन म्हणाले की असा वर्ग केंद्रातल्या कुठल्याच शाळेत नाही. शिक्षकांच्या पुढच्या बैठकीत आमच्या मुख्याध्यापकांनी चिंचोक्यांचा उपक्रम उभं राहून समजावून सांगितला. 'आम्ही असं ठरवलं', 'आम्हाला असं दिसलं'. मी तिसऱ्या ओळीत बसले होते. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. परत येताना जीपमध्ये मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि ते माझ्या लक्षात राहिलं तसं त्यांच्याही राहिलं असणार.

जानेवारीत खिचडी करणाऱ्या मावशी मला म्हणाल्या, दाराकडच्या रांगेतलं कोणी ना कोणी रोज दुसऱ्यांदा वाढून मागतं आणि डब्याच्या झाकणात घालून मागे घेऊन जातं. मला वाटलं, घरी नेतात. तशी परवानगी नव्हती, आणि माझ्या वर्गाने मला न सांगता काही करावं याचाच जास्त राग आला. त्या दिवशी झाकण घेऊन निघालेल्या मुलाच्या मागे मी गेले, रंगेहाथ पकडायचं म्हणून.

स्वयंपाकखोलीच्या मागे पाण्याची टाकी आहे. टाकीच्या सावलीत ती मुलगी बसली होती. मांडी घालून, दप्तर मांडीवर, दोन्ही हात दप्तरावर. हलत नव्हती. तिला तसं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मुलाने झाकण तिच्यापुढे ठेवलं, मला पाहिलं आणि तिथेच उभा राहिला. त्याच्याकडून आणि मग मी बोलावून घेतलेल्या त्या मोठ्या मुलीकडून सगळं कळलं. आईबाप भट्टीवर गेले होते, पण पोरगी पाढे चांगले म्हणते म्हणून हिला आजीजवळ ठेवलं होतं, खास शाळेसाठी. त्यांच्या घरातलं असं मागे ठेवलेलं हे पहिलंच मूल. आणि सुट्टीत रांगेने तिच्याशी सौदा केला होता. तिने वर्गात यायचं नाही. त्यांनी रोज खिचडी आणून द्यायची, आणि चेंडू मिळाला की आधी तिला द्यायचा, मैदानाच्या लांबच्या टोकाला, माझ्या नजरेपलीकडे. दोन्ही बाजूंनी तो शब्द दोन महिने पाळला होता. एकदाही मोडला नव्हता. मुलं ते माझ्याकडूनच शिकली होती.

मी तिला म्हटलं, चल वर्गात.

ती उठली नाही. खिचडीकडे बघत म्हणाली, "मी आले की त्यांचे जातील."

मी म्हटलं, चिंचोके बंद. आजपासून नाहीत. मी आतून डबा आणला आणि तिच्यादेखत टाकीपलीकडे रिकामा केला. ती बघत राहिली. मग तिने त्या मोठ्या मुलीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही, आणि मोठी काही बोलेना तेव्हा दप्तर उचलून घरी निघून गेली. सौदा तिने त्यांच्याशी केला होता. मला तो मोडता येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्याध्यापकांनी मला कार्यालयात बोलावलं. पट खोटा, मूल दोन महिने शाळेच्या आवारात उघड्यावर. वर कळलं तर काय? बैठकीत तुम्हीच तर 'आम्ही' म्हणत होता, असं मी म्हणाले, आणि बरंच काही म्हणाले, जे बाहेर मुलांना ऐकू गेलं. त्यांनी दार लावून घेतलं.

आजीने कोणाच्या तरी फोनवरून भट्टीवर निरोप धाडला आणि बाप तिसऱ्या दिवशी आला. मी शाळा सुटल्यावर त्यांच्या घरी गेले. त्याने मला खाट दिली, स्वतः उंबऱ्यावर बसला. आजीने बिनदुधाचा चहा केला. मुलगी आत होती, दिसत नव्हती. मी येताना वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं. रोज सकाळी मी स्वतः घ्यायला येईन. माझ्या टेबलाशेजारी बसवीन. पाहिजे तेव्हा उठू दे, फिरू दे, मी काही म्हणणार नाही. पुस्तकं, कपडे, काय लागेल ते माझ्याकडे. त्याने सगळं ऐकून घेतलं, मध्ये बोलला नाही. मला वाटलं, वळतोय.

"बाई, तुमी आल्या, बरं वाटलं," तो म्हणाला. "पण हितं बाहेरच बसवायची, तर आमच्याजवळ बसंल. तिची आयस रडते तिकडं."

रागाने बोलला असता तर मी उत्तर दिलं असतं. रागाशी कसं बोलायचं ते मला येतं. मी उठले आणि अंगणातून हळूहळू चालत गेले, आणि मागून हाक येईल म्हणून कान देत राहिले. हाक आली नाही. सकाळच्या गाडीने तो तिला घेऊन गेला.

जूनमध्ये पेरणीला सगळे परत आले. स्थलांतराचा शेरा मारलेली बाकीची पाच मुलं चौथीत येऊन बसली. आमच्याकडे वर्ग शिक्षकाबरोबर वर चढतो, म्हणून चौथी माझ्याकडेच होती. ती आली नाही. मी तिच्या घरी गेले तेव्हा ती दारात, चुलतबहिणीचं मूल कडेवर घेऊन उभी होती. उन्हाने काळवंडली होती, उंच झाली होती. मी म्हटलं, शाळा सुरू झाली. तिने मान हलवली. मी म्हटलं, चिंचोके वगैरे काही नाही आता. पुन्हा मान हलवली. मग मूल दुसऱ्या कडेवर घेत तिने विचारलं,

"वर्गात तुमीच असणार?"

मी हो म्हणाले. ती आत गेली. जाताना दार लोटून घेतलं, तेही हळू, बाळ दचकू नये म्हणून.

शेजारच्या गुरुजींकडे त्या वर्षी पहिली होती. म्हातारे, निवृत्तीला आलेले, वर्गावर ताबा नसलेले म्हणून मी ज्यांना मनात हसायचे ते. त्यांच्या वर्गात मुलं उठायची, फिरायची, मधूनच गाणी म्हणायची. वर्ग बदलून द्या, चौथी त्यांना आणि पहिली मला, असं मी मुख्याध्यापकांकडे मागायला गेले. त्यांच्याकडे मी कधी काही मागितलं नव्हतं. त्यांना लगेच कळलं की मला हे फार हवं आहे, आणि समोरच्याला ते कळू देऊ नये हे मला टोपलीजवळ बसायचे तेव्हापासून माहीत होतं. त्यांनी कागद पुढे केला. चिंचोक्यांचा प्रकार मी एकटीने, शाळेला न विचारता केला, पटावरची चूकही माझी, असं लिहून हवं होतं. पट माझाच होता. पण 'शाळेला न विचारता' हे खोटं होतं, आणि बैठकीतले सगळे त्याला साक्षी होते.

मी घासाघीस केली नाही. सही केली.

ते पत्र माझ्या सेवापुस्तकाच्या फाइलीत लागलं आणि त्याचं काय काय झालं, बढतीच्या यादीत मी कुठे राहिले, ते इथे लिहीत नाही. तो हिशेब माझा आणि त्यांचा आहे, आणि मी तो सोडलेला नाही.

आठवड्याभराने गुरुजी स्वतः जाऊन तिला घेऊन आले. ती चौथीत बसली, म्हणजे बसली नाही, फिरत राहिली, आणि गुरुजी फळ्यावर लिहीत राहिले. मधल्या भिंतीला वरती झरोका होता. तिचे पाढे ऐकू यायचे, चालता चालता म्हटलेले, कधी जवळून, कधी लांबून. माझी पहिलीतली मुलं गोंधळ करायची तेव्हा मी त्यांना गप्प करायचे नाही, पण तिचे पाढे चालू असले की मात्र करावंसं वाटायचं.

तिच्या वर्गातून पाण्याच्या टाकीकडे जायची वाट माझ्या दारावरून, वऱ्हांड्यातून होती. सावलीची. ती तिकडून कधी गेली नाही. वर्षभर ती मैदानाला वळसा घालून, उन्हातून, अनवाणी जायची, आणि त्याच वाटेने परत यायची.