धुळीबरोबर पुसलं गेलेलं भूत

“अगं, भूत कुठाय?” फर्नांडिस अंकलनी विचारलं.

आमच्या दोहाच्या स्टुडिओत प्रिव्ह्यू चालला होता. स्क्रीनवर एक कंजूस म्हातारा रिकाम्या खुर्चीकडे बघून थरथरत होता. खुर्चीत कोणीच नव्हतं.

अंकल वसईचे, माझ्या माहेरच्या बाजूचे. दोहापासून तासाभरावर दुखानला तेल कंपनीच्या टाउनशिपमध्ये राहतात आणि तिथल्या क्लबाची नाताळ कमिटी चालवतात. क्लबाच्या स्टोअररूममध्ये त्यांना जुन्या इंग्रज इंजिनीअरांच्या काळातले फिल्मचे डबे सापडले. एका डब्यात, कंजूस म्हाताऱ्याला नाताळच्या आदल्या रात्री भूत भेटायला येतं त्या गाजलेल्या इंग्रजी गोष्टीचा टीव्ही कार्यक्रम निघाला, टीव्ही नुकता रांगायला लागला होता तेव्हाचा. माझं काम रिस्टोरेशनचं. म्हणजे जुनी फिल्म स्कॅन करायची आणि तिच्यावरचे ओरखडे, डाग, धूळ कॉम्प्युटरवर काढायची.

हे काम पसंत पडलं तर बाकीचे डबेही आम्हालाच मिळणार होते. नाही पडलं, तर आमचे बॉस सामी सर माझं डिपार्टमेंट बंद करून मला वेडिंग व्हिडिओत टाकणार होते. लग्नात नाचणारे काके-मामे स्लो मोशनमध्ये बघत रिटायर व्हायचं.

घोळ कसा झाला ते सांगते. त्या काळी टीव्हीवरचं नाटक लाइव्ह व्हायचं. जपून ठेवायचं तर टीव्हीच्या स्क्रीनसमोर फिल्मचा कॅमेरा लावून शूट करायचे. त्यामुळे चित्र मुळातच धुरकट. भूत दाखवायचं तर एक कॅमेरा म्हाताऱ्यावर, दुसरा काळ्या पडद्यासमोर उभ्या नटावर, आणि दोन्ही चित्रं एकमेकांवर चढवायची. झालं आरपार दिसणारं भूत तयार.

सॉफ्टवेअरला यातलं काय कळणार? मी धूळ काढायची सेटिंग मध्यम ठेवली होती. सामी सर लेबनॉनचे, जन्मतःच घाईत. ते मागे येऊन उभे राहिले.

“फुल कर. एकदम न्यू दिसलं पाहिजे. यल्ला, चल लवकर.”

“सर, फुल केलं तर चांगलंही जाईल.”

“डस्ट जाईल. क्लायंटला डस्ट नकोय.”

बॉसपुढे शहाणपण चालत नाही. केलं फुल. पांढुरकं, हलणारं, आरपार दिसणारं जे जे होतं, ते सॉफ्टवेअरने धूळ समजून साफ पुसलं. मला चेक करायलाही न देता सरांनी अंकलना प्रिव्ह्यूला बसवलं.

“शो उद्या संध्याकाळी आहे,” अंकल म्हणाले. “पोरांना काय सांगू? भूत ॲन्युअल लीव्हवर गेलंय?”

सर माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही भूत मीच खाल्लं.

मला भयंकर राग आला होता, पण भांडायला वेळ नव्हता. मूळ स्कॅन शाबूत होता. मात्र एकेक फ्रेम हाताने साफ करायची तर आठवडा तरी हवा.

“भुताचे सीन मूळ स्कॅनमधले लावते,” मी म्हटलं. “बाकीचं स्वच्छ राहू दे.”

“ठिगळ दिसेल,” सर म्हणाले.

“दिसू दे. भूत तरी दिसेल.”

अंकलनी हात जोडले. “लाव बाई. कमिटीत माझं नाक कापू नकोस.”

दुसऱ्या दिवशी क्लबाचा हॉल भरला. भुताच्या पहिल्या सीनला लख्ख चित्रावर अचानक ओरखडे, ठिपके, पाऊस पडल्यासारख्या रेघा. मी मान खाली घातली. खुर्चीत हळूच भूत उमटलं आणि पुढची रांग आयांच्या मांडीवर चढली.

पुढच्या वेळी पहिली रेघ उमटताच एक मुलगी ओरडली, “ममा, ही इज कमिंग!” सगळ्या पोरांना गणित सुटलं. मग दर वेळी ओरखडे सुरू झाले की भूत यायच्या आधीच हॉलभर किंकाळ्या. सॉफ्टवेअरने ज्या धुळीपायी भूत पुसलं, तीच धूळ आता भुताची वर्दी देत होती. मला इतका आनंद झाला की मीही दोनदा ओरडून घेतलं.

शो संपल्यावर अंकल घाम पुसत आले. “ती घाण सुरू करायचं टायमिंग भारी जमवलंस हं. बाकीचे डबे पाठवतो. फक्त फार स्वच्छ करू नकोस.”

“इट वॉज अवर क्रिएटिव्ह डिसिजन,” सामी सर शेजारून म्हणाले. चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही.

डबे आले, माझं डिपार्टमेंट वाचलं. या सगळ्यातून मी एवढंच शिकले की झाडू मारायच्या आधी घरात कोण राहतंय ते बघावं, आणि भूत परत आलं की त्याचं श्रेय बॉसला घेऊ द्यावं.