अर्ध्या तासाने, त्याच ठिकाणी

तुमच्या ऑफिसात 'रिडंडंट' हा शब्द तुम्ही शेवटचा ऐकलात, तेव्हा तो यंत्राबद्दल होता की माणसाबद्दल? यंत्राबद्दल असेल तर ते कौतुक असतं. एक बंद पडलं तरी दुसरं उभं आहे, काम अडणार नाही. माणसाबद्दल असेल तर तोच शब्द दार दाखवतो. हा फरक मला गणपूर्तीकाकांमुळे कळला. ज्यांनी तो शब्द त्यांच्यावर चालवला, त्यांच्याबद्दल मी इथे चांगलं काही लिहिणार नाही.

काका मोजल्याशिवाय बोलत नसत. आम्स्टरडॅम स्लोटरडाइकच्या आमच्या ऑफिसात डबा उघडण्याआधीसुद्धा ते टेबलाभोवती बोट फिरवून माणसं मोजायचे आणि म्हणायचे, "गणपूर्ती झाली. करा सुरुवात." कोणी उशिरा आलं तर वरण निवायचं, पण काका हलायचे नाहीत.

आमचं काम रॉटरडॅमच्या एका कंपनीसाठी होतं. तिथले इंजिनिअर जहाजांचे आराखडे काढत, आणि त्यांचं सॉफ्टवेअर उघडायला दर वेळी लायसन्स सर्व्हरची परवानगी लागे. परवानगी नाही मिळाली की अख्खा मजला हाताची घडी घालून बसणार. म्हणून सर्व्हर तीन होते. त्यांतले कुठलेही दोन चालू असले की काम चाले. एकटा उरला तर तो कितीही धडधाकट असो, गप्प बसे. काकांना हे फार आवडायचं. "एकट्याने ठराव पास करायचा नाही, एवढी अक्कल त्या डब्यांना आहे. आपल्या चेअरमनला नाही." आमच्या प्रमुख सरांना ते चेअरमनच म्हणत.

काका आले तेव्हा तिन्ही सर्व्हर एकाच कपाटात, विजेच्या एकाच पट्टीला लावलेले होते, आणि आमच्या प्रमुखांना त्याचा अभिमान होता. काकांनी ते पाहून एवढंच विचारलं, "तीन किल्ल्या केल्यात आणि तिन्ही एकाच जुडग्यात अडकवल्यात का?" पुढच्या आठवड्यात तिन्ही वेगवेगळ्या इमारतींत गेले. मग काकांनी माणसांनाही तोच नियम लावून घेतला. ड्यूटीवर आम्ही तिघं: काका, मी आणि संदीप. सर्व्हर असो वा माणसं, आमच्या रचनेत काहीही बदलायचं तर तिघांपैकी दोघांचा होकार हवा, ही अट त्यांनी रॉटरडॅमवाल्यांकडून करारात घालून घेतली.

गणपूर्तीचं हे वेड कोथरूडचं. त्यांच्या सोसायटीची सभा पुरेशी माणसं नाहीत म्हणून तहकूब व्हायची आणि अर्ध्या तासाने, त्याच ठिकाणी, गणपूर्तीच्या अटीशिवाय पुन्हा भरायची. लोक तेवढ्यात चहा प्यायला घरी जात. परत येईपर्यंत लिफ्टचं कंत्राट चेअरमनच्या मेव्हण्याला गेलेलं असे. "तो अर्धा तास म्हणजेच खरी सभा, पोरी," काका मला सांगत. "बाकी सगळं हळदीकुंकू."

आमचे प्रमुख सरही पुण्याचेच आणि तिथे स्वतःच्या सोसायटीचे माजी चेअरमन. 'एम्पथी' हा शब्द ते भाजीत मीठ घालावं तसा वाक्यावाक्यात घालत. एके दिवशी त्यांनी आम्हा तिघांना बोलावलं.

"टीम थोडी लीन करायची आहे. तीन सर्व्हर, तीन माणसं, हे लक्झरी झालं. तिसरा नुसता बसून असतो."

"तिसरा बसून असतो म्हणून पहिले दोघं जेवायला जाऊ शकतात, चेअरमनसाहेब," काका म्हणाले.

"काका, पर्सनली घेऊ नका."

पर्सनल नाही तर काय होतं? जाणारं नाव कोणाचं हे खोलीतल्या खुर्च्यांनाही ठाऊक होतं. काकांचा पगार सर्वांत जास्त आणि जीभ सर्वांत तिखट. नोकरी गेली की त्यांचा इथे राहण्याचा परवाना धोक्यात, आणि ते राहत त्या नीउ-व्हेनेप गावात त्यांची मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षात. ती बापाचं मराठी ऐकून डचमध्ये उत्तर देणारी. तिला पुण्यात कुठल्या बाकावर बसवणार होते?

काकांनी नाही म्हटलं. मी नाही म्हटलं. संदीपने टेबलाकडे बघत हो म्हटलं.

"होकार एक. गणपूर्ती नाही," काका म्हणाले.

सर हसले. "ठीक आहे. अर्धा तास ब्रेक घेऊ. पाय मोकळे करून या."

काका आणि मी खाली स्टेशनसमोर कॉफी प्यायला गेलो, संदीप वरच थांबला. काका खुशीत होते, मुलीला फोन करून म्हणाले, "परीक्षा इथेच द्यायची, बरं का." वर आलो तर सरांनी रॉटरडॅमला कॉल लावून संपवलाही होता. ब्रेकनंतर मीटिंग पुन्हा भरली, हजर असलेल्यांनी एकमताने संमती दिली. हजर कोण, तर सर आणि संदीप. सर आम्हा तिघांतले नव्हतेच, तरी त्यांनी स्वतःला मोजलं आणि दोन मतं झाली. मी रॉटरडॅमला फोन करून खरं सांगितलं. पलीकडचा माणूस नम्रपणे म्हणाला, हा तुमच्या कंपनीचा अंतर्गत प्रश्न आहे.

काका खुर्चीत बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "सगळ्या जगाला सांगत फिरलो, अगं, आणि मीच चहाला उठलो."

निरोपाच्या केकवर सरांनी इंग्रजीत 'फॅमिली' लिहून आणलं होतं. काकांनी सवयीने माणसं मोजली आणि केक न कापता सुरी खाली ठेवली. दुसरी नोकरी वेळेत मिळाली नाही. परीक्षेआधीच ते घर पुण्याला परतलं.

सरांनी तिसरा सर्व्हरही काढला होता. उरलेल्यांतला एक काही महिन्यांनी बंद पडला, दुसरा नियमाप्रमाणे गप्प बसला आणि रॉटरडॅमचा मजला हाताची घडी घालून बसला. मी आणि संदीप झटत होतो तेव्हा सरांनी, आमच्यासमोर, स्पीकर लावून पुण्याला फोन केला. "काका, आपण फॅमिली आहोत. जरा गाइड करा ना."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग काका शांतपणे म्हणाले, "किती जण आहात? दोघं-तिघं? गणपूर्ती नाही, चेअरमनसाहेब. अर्ध्या तासाने, याच ठिकाणी, पुन्हा फोन करा."

सरांनी खरोखरच अर्ध्या तासाने केला. काकांनी उचलला नाही.

तुमच्याही ऑफिसात कोणीतरी गोड आवाजात म्हणेल, पाय मोकळे करून या. एक विनंती आहे: उठू नका. शेजारच्यालाही हात धरून बसवा. कॉफी गार झाली तरी चालेल.