पाचाचे तीन

किनवटच्या डोंगरातल्या त्या पोडावर मी दोनदाच गेले. पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. पहिल्या खेपेला हातात फॉर्मांचा गठ्ठा होता आणि अंगात सरकारी माज. नांदेडच्या ऑफिसात माझं काम आकड्यांचं. आज माणसं किती, जन्मली किती, गेली किती, यावरून दहा वर्षांनी किती होतील ते काढायचं. त्या अंदाजावर पोडाला अंगणवाडी मिळणार की नाही ते ठरणार होतं.

टेबलावर हे सोपं वाटतं. तिथे निम्म्या घरांना कडी, माणसं कापूस वेचायला तेलंगणात गेलेली. एका म्हाताऱ्याला वय विचारलं तर हसून म्हणाला, "तुमीच पाहून लिवा." मी लिहिलंही.

एका झोपडीपुढे माझ्याच वयाची एक बाई बसली होती. मी विचारलं, "तुम्हाला मुलं किती झाली?"

"पाच."

मी पाच लिहून मान वर केली. दोन पोरं दारात खेळत होती, एक तिच्या अंगावर पीत होतं. "अहो, ही तर तीनच आहेत की!"

तिने नुसती पाच बोटं दाखवली. बिचारीला मोजता येत नाही, असं मनाशी म्हणत मी पाच खोडून तीन लिहिले.

फॉर्मवर प्रश्न स्पष्ट होता: जन्मलेली मुलं. जिवंत किती, तो रकाना पुढे होता. इतकी वर्षं हेच काम करणाऱ्या मला ते कळत नव्हतं का? कळत होतं. पण लातूरला माझ्या घरी कुणी विचारलं की मीही 'एकच मुलगी' म्हणते. तिच्या आधीचा मुलगा सात दिवसांचा होऊन गेला. त्याचा विषय आमच्याकडे निघत नाही. गेलेलं लेकरू बाईने पोटात ठेवायचं असतं, हे मी इतकं गिळून बसले होते की त्या पोडावर खरं बोललेल्या एकाच बाईचं उत्तर मी खोडलं. बाकीच्यांनी जिवंत तेवढीच सांगितली होती.

अंदाज तयार झाला. जन्म थोडे, बालमृत्यू शून्य. साहेब खूश होऊन म्हणाले, "मॅडम, हे पोड तर ठणठणीत आहे!" अंगणवाडी दुसरीकडे गेली.

वर्षाने वेगळ्याच कामासाठी पुन्हा गेले. तिने मला लांबूनच ओळखलं. अंगावर पिणारं लेकरू दिसेना, म्हणून मी विचारलं.

"पावसाळ्यात गेलं. ताप आलता." मग जरा थांबून म्हणाली, "बाई, माझे पाच लिवले ना तवा? गेलेले कुटंच न्हाईत आता. कागदात तरी ऱ्हाऊ द्या."

"हाव, लिहिले," मी म्हणाले. तिचा चेहरा एवढा निवळला की मला तिथे उभं राहवेना.

परत येऊन साहेबांना सगळं सांगितलं. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "अंदाज मंजूर झालाय आता. दोन मुलांनी काय फरक पडतो?" मी बाथरूममध्ये जाऊन रडले. त्या दोघांसाठी रडले, पावसाळ्यातल्या तिसऱ्यासाठी रडले, आणि माझ्यासाठीही.

परवा लातूरच्या घरी कसल्याशा पाहणीसाठी एक तरुण मुलगी मोबाइल घेऊन आली. माझी लेक शेजारीच उभी होती.

"काकू, मुलं किती झाली?"

"दोन," मी म्हणाले. लेक माझ्याकडे बघतच राहिली.

त्या मुलीने एकदा लेकीकडे पाहिलं. तिचं बोट मोबाइलवर थांबलं. मग हळूच म्हणाली, "दुसरं कुठं आहे, काकू?"

एवढंच तर मी त्या बाईला विचारायचं होतं.