पेटीचा थांबा

यवतमाळच्या स्टँडवरून घाटंजीची एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर बहिणीसाठी घेतलेली बाकरवडी होती आणि शेजारच्या आजोबांच्या मांडीवर जिवंत कोंबडी. कोंबडीला बाकरवडीचा वास लागला होता. घाटंजीपर्यंत आमची दोघांची नजरेची लढाई चालली, आणि पुडक्याला एक भोक पडलं.

पुण्याहून निघताना मित्र म्हणाले होते, "तिकडं काय बघायचंय? पेपरात वाचतोसच की." त्या वर्षांत पेपरातला यवतमाळ म्हणजे कापूस, बोंडअळी आणि वाईट बातमी. पण माझे मेहुणे घाटंजीच्या पोस्टात होते, आणि त्यांचा निरोप होता, "या. पेपरात येत नाही ते दाखवतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बळीरामच्या हवाली केलं. बळीराम सायकलवरून खेड्यापाड्यांत टपाल वाटायचा. पुढं तो, मागं कॅरिअरवर मी, मधे टपालाची पिशवी. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी (कपाशी) पसरलेली, बोंडं फुटलेली, वेचणाऱ्या बायांच्या ओट्या पांढऱ्या झालेल्या. चढ आला की बळीराम मागं न बघता म्हणायचा, "साहेब, तुमी आता उतरा. पिशवी बसू द्या."

ओढ्यात आम्ही दोघंही पडलो. पिशवी कोरडी राहिली. ती त्यानं डोक्यावर धरली होती. मला धरायला हात उरला नाही.

असे भिजून आम्ही तांड्याच्या (बंजारा वस्तीच्या) फाट्यावर पोचलो. तिथं एका कडुनिंबाला लाल टपालपेटी टांगलेली होती आणि तिच्याभोवती अख्खा तांडा उभा होता, चेहरे पाडून. मला वाटलं, माझी दशा बघून.

"उद्या पोस्टाचे मोठे साहेब येऊन राह्यले," सोनायाडी म्हणाली. याडी म्हणजे आई. नायकाची (तांडाप्रमुखाची) ही म्हातारी आई सगळ्या तांड्याचीच याडी. "मोबाईल आला तसं पेटीत कोणी काही टाकत नाई. रिकामी दिसली का काढून नेतेत."

"मग नेऊ दे की," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडं असे बघू लागले, की ओढ्यात परत जाऊन बसावंसं वाटलं.

कारण बळीरामनं सांगितलं. फाट्यावर एसटीचा थांबा नाही. नुसता हात दाखवला तर ड्रायव्हर बघत नाहीत, पण लाल पेटी दिसली की त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. तिकिटाला सगळे 'पेटी' म्हणूनच सांगतात. याच गाडीनं तांड्यातल्या पोरी घाटंजीच्या शाळेत जातात. पेटी गेली की गाडी गेली, आणि गाडी गेली की शाळा.

"मग पत्रं टाका."

"कोणाले?" सोनायाडी म्हणाली. "आमचे सगळे इथंच राह्यतेत."

"एकमेकांना."

"त्याचं मले माहीत, माह्यं त्याले. लिहाव काय?"

पुण्यात मी हौशी नाटकं बसवायचो; आता माझ्यातला तो नाटकवाला जागा झाला. मी बाजेवर मांडी घातली, बळीरामकडची कार्डं घेतली आणि जाहीर केलं, "जे तोंडावर बोलता येत नाही, ते लिहायचं."

मग काय, रांग लागली. एकेक जण माझ्या कानाशी येऊन सांगे आणि मी लिही. सोनायाडीनं भिंतीपलीकडच्या जावेला, धनाबाईला लिहवलं, "माही परात पोळ्यापासून तुह्याकडं हाय. मी बोलत नाई म्हणजे इसरली, असं समजू नको." किसननं शेजारच्या दगडूला, "बोंडअळीनं ठेवलं ते तुह्या बैलानं खाल्लं. अळीले दवाई भेटते, तुह्या बैलाले काय देऊ?" मोबदल्यात मला बाटी (भाकरी) आणि ठेचा मिळाला. डोळ्यांतून धारा लागल्या. सोनायाडी म्हणाली, "पाहा, किती मन लावून लिहून राह्यला."

दुसऱ्या दिवशी साहेब फटफटीवरून आले. पेटी उघडली, कार्डं चाळली आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "एकच अक्षर. तांड्यातून तांड्यात. हे नाटक कोणी बसवलं?"

मी कडुनिंबाची साल तपासू लागलो.

"ही कार्डं ठप्पा लागून वाटली जातील तेव्हा मी परत येतो," साहेब म्हणाले. "खोटी वाटली तर पेटी काढतो."

वाटपाच्या दिवशी मी पुन्हा कॅरिअरवर होतो. साहेब आधीच येऊन पेटीखाली उभे. आणि तेव्हा कळलं, की एक गोष्ट मला सांगायला सगळेच विसरले होते. तांड्यातल्या मोठ्यांना वाचता येत नाही, म्हणून बळीराम वर्षानुवर्षं सगळी पत्रं पेटीखाली उभा राहून, सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात वाचतो. तशी रीतच आहे.

मी त्याला डोळ्यांनी 'नको' असं खुणावलं. त्यानं पहिलं कार्ड उचललं. "धनाबाईले. माही परात पोळ्यापासून..."

धनाबाई उठली. "परात? अन् माह्या उखळाचं मुसळ कोणाच्या घरी हाय?"

"तुही परात पायजेच काहून मले," सोनायाडी म्हणाली. "माहीच मागून राह्यली."

तोवर दगडूच्या बैलाचं वाचून झालं होतं. दगडू म्हणाला, "बैल कायले बदनाम करतं बे? कुंपण तुह्यं मोडकं." मग किसनच्या कुंपणावरून त्याच्या आळशीपणावर, तिथून त्याच्या सासरवाडीवर गाडी घसरली. बळीराम पुढचं कार्ड वाचतच होता. मी माझी वहाण शोधत होतो.

बऱ्याच वेळानं साहेबांनी टोपी काढून घाम पुसला. "नाटकात एवढी खरी भांडणं मी पाहिली नाहीत," ते म्हणाले. "पत्रं खरी आहेत. पेटी राहील."

धनाबाई माझ्याकडं वळली. "दादा, एक कार्ड काढा. जवाब लिहाचा हाय."

परतीच्या दिवशी मी त्या पेटीखालीच उभा राहिलो. हात दाखवला नाही. पोरी दप्तरं घेऊन शेजारी उभ्या होत्या, त्यांनीही नाही. गाडी आली, पेटीसमोर बरोबर थांबली.

पुण्यात महिन्याभरानं कार्ड आलं. पोस्टमन आमच्या हिला फाटकाशी भेटला आणि कार्ड तिच्याच हातात पडलं. माझ्याकडून तिनं ती तांड्याची रीत ऐकलेली होती. जिन्यात उभी राहून, तीन मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिनं वाचलं, "गाडी थांबते. परात भेटली. तुमी ठेच्यानं रडले अन् ओढ्यात पडले, ते सगळ्याईले सांगितलं हाय. सोनायाडी."

वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, "ओढ्यात? कसे काय?"

जवाब लिहायला मी कार्ड आणलं आहे. पण हिची तक्रार लिहायची तर ती तिथं पेटीखाली वाचली जाणार, आणि त्यावरचा जवाब इथं जिन्यात.